दाखवायच्या साखळ्या

चारही चाकांना जोर असलेली गाडी घेतल्यापासून रादोयेशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेणं झालं होतं. दारिंकाने सकाळपासून नवऱ्याचं एकच पालुपद सात वेळा ऐकलं होतं.

"घाट उतरायच्या आधी चाकांना बर्फाच्या साखळ्या बांध," ती म्हणाली.

"साखळ्या दोन चाकांवर रखडणाऱ्यांसाठी असतात, बाई. आपली चारही ओढतात."

"ओढतात, मान्य. थांबवतात का, ते विचारतेय मी."

"तुझ्या बाबांनी तीस वर्षं याच घाटात बर्फ काढायची गाडी चालवली, म्हणून तुम्हा घरच्यांना साखळ्यांचं वेड लागलंय."

दारिंकाने मांडीवरचा पाव घट्ट धरला. आज संत निकोलाचा दिवस, तिच्या माहेरच्या घराण्याचा सण. पहाटे उठून तिने हा सणाचा गोल पाव भाजला होता. सणाची मेणबत्ती, आणि तिच्याबरोबर सण पुढे चालवायचा मान, बापाकडून मुलाकडे जाते. तिचे बाबा, तोमाश, चौऱ्याऐंशीचे झाले होते आणि त्यांना मुलगा नव्हता. भाऊबंदांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, की ती पुतण्याकडे, म्हणजे वुकोताकडे जाणार. पण या पानगळीत म्हाताऱ्याने जाहीर केलं, मेणबत्ती मी माझ्या मुलीला देणार. मग जो गोंधळ झाला त्याचं वर्णन नको. शेवटी भाऊबंद म्हणाले, ठीक आहे, बारा वाजता पाद्र्यासमोर तिने हजर राहावं. नाही आली, तर वुकोता. आणि ती येऊ नये अशी आशा ते उघड उघड करत होते.

घाटमाथ्यावर पोलिसाने गाडी अडवली. "साखळ्या?"

रादोयेने डिकीतून केशरी पाकीट काढून दाखवलं. आठ हिवाळे तो हेच पाकीट या चौकीवर दाखवत आला होता, आणि त्याचं सील अजून शाबूत होतं.

"पुढे उतार वाईट आहे. बांधून घ्या," पोलीस म्हणाला.

"हो हो, वळणावर बांधतो," म्हणत रादोयेने पाकीट परत डिकीत टाकलं. अशा माणसाशी लग्नाला एकवीस वर्षं झाली, याचं दारिंकाला त्या क्षणी मनापासून नवल वाटलं.

तिसऱ्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि गाडी सावकाश, अगदी ऐटीत, कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून बसली. कुणाला काही झालं नाही. पावालाही नाही.

"चारही घसरली," दारिंका म्हणाली. "एकही मागे राहिलं नाही."

खाली उतरून तिने स्वतःच पाकीट फाडलं. साखळी चाकावर अर्धीसुद्धा चढेना. पाकिटावरचा आकडा वाचून तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"ही आपल्या जुन्या छोट्या गाडीची आहे."

"असेल."

"ती गाडी वुकोताला विकलीस आणि साखळ्या ठेवून घेतल्यास?"

"पोलिसांना दाखवायला लागतात ना."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वाअकरा वाजले होते, गाव पाच किलोमीटर लांब, घाटात फोन लागत नव्हता. बाबा दारात उभे असतील आणि मागे ते सगळे घड्याळं बघत असतील. तिने साखळी बर्फातून उचलून घेतली.

तेवढ्यात वरून कुणीतरी चालत आलं. तो वुकोताच निघाला.

"मी वर चौकीपाशीच थांबलो," तो म्हणाला. "साखळ्या नाहीत माझ्याकडे." मग त्याची नजर तिच्या हातातल्या साखळीवर गेली, तिथून रादोयेवर, आणि तिथेच थांबली. रादोये खिशात काहीतरी शोधू लागला.

"दादा, गाडी तुझी, साखळ्या माझ्या," दारिंका म्हणाली.

"खरं सांगू? मेणबत्ती मी मागितली नव्हती. पण नकोही म्हणालो नाही."

"ते खाली गेल्यावर बघू. वर चल, तुझ्या गाडीची चाकं सरळ कर."

"नुसत्या पुढच्या दोन चाकांना बांधून काय..." रादोयेने सुरुवात केली.

"हा पाव धर आणि तोंड मीट."

ती घाट चढून वर चौकीपाशी गेली. जुन्या गाडीच्या चाकामागे साखळी पसरली, गुडघ्यांवर बसून आतली कडी लावली, गाडी अर्धं चाक पुढे घ्यायला सांगितली, मग ओढली. मुलगा नव्हता म्हणून बाबांनी तिलाच हाताशी घेतलं होतं. सुटं टोक लोंबत ठेवायचं नाही, दोन कड्यांतून मागे घेऊन तारेने आवळायचं. शंभर पावलांवर थांबून पुन्हा ताणायचं. साखळीच्या तेलाने बोटं काळीठिक्कर झाली आणि थंडीने बधिर.

बारा वाजून दहा मिनिटांनी गाडी अंगणात शिरली. मागच्या सीटवर रादोये पाव मांडीवर घेऊन बसला होता.

"बारा वाजून गेले," भाऊबंदांतला थोरला म्हणाला. वुकोता चालकाच्या दारातून उतरताना दिसला, तसा त्याचा चेहरा खुलला. "पण हा बघा, असल्या बर्फातून आला. घराणं चालवायला असा माणूस लागतो."

तोमाशने कुणाकडेच पाहिलं नाही. काठी टेकत तो पुढच्या चाकाशी वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. तारेने आवळलेलं टोक त्याने बोटाने चाचपलं.

"कुणी बांधल्या?"

"वुकोताशिवाय कोण बांधणार," थोरला म्हणाला.

दारिंका काळी बोटं बर्फात घासत होती. तिने जे करायचं ते केलं होतं.

"मी नाही, काका," वुकोता म्हणाला. "मला बांधता येत नाहीत. मी नुसतं स्टिअरिंग धरलं."

म्हातारा सरळ झाला. "हा रस्ता तीस वर्षं मी चालू ठेवला. तुम्ही सगळे त्यावरूनच येत-जात होता. आज तो हिने चालू ठेवला. आता कुणाला घड्याळ दाखवायचंय?"

कुणी दाखवलं नाही. पाद्री गारठून कंटाळला होता. तो आधीच घरात शिरला.

तोमाशने मेणबत्ती मुलीच्या हातात दिली. "हात धुऊन येते, बाबा," ती म्हणाली.

"राहू दे," तो म्हणाला.

तिने ती पेटवली. पिवळ्या मेणावर तिच्या बोटांचे काळे ठसे उमटले होते.