निवाऱ्यात कुणी बसेना

बानुयो गावच्या सेवा क्लबाची सभा दर गुरुवारी पाच वाजता भरायची, म्हणजे सव्वासहाला. पंखा फिरायला लागला, तांदळाचे वाफवलेले केक सगळ्यांच्या पोटात गेले, की सचिव पुरिंग डुमालागान उठायची आणि आधी झालेले उपक्रम वाचायची, मग व्हायचे. एकतीस वर्षं तिनं पोस्टाची खिडकी सांभाळली होती. आवाज अजून तसाच होता, समोरचा माणूस बहिरा आहे असं धरून चालणारा. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं गावात सगळे तिला मानांग म्हणत.

त्या गुरुवारी झालेल्या उपक्रमांत तीन गोष्टी होत्या. नदीकाठी दोनशे रोपं लावली, त्यांतली अकरा बकऱ्यांनी शिल्लक ठेवली होती. दातांच्या शिबिरात बहात्तर दात काढले, त्यांतला एक चुकून शेजारचा होता. आणि साखर कारखान्याच्या फाट्यावरच्या प्रवासी निवाऱ्याला चार महिने पूर्ण झाले.

निवाऱ्याचं नाव निघालं तसे सगळे पंख्याकडे बघायला लागले.

निवारा दिसायला झकास होता. निळ्या पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा बाक, आणि वर सगळ्या सदस्यांची नावं रंगवलेला फलक, बाकापेक्षा दोन हात लांब. फक्त त्यात आजवर एकही प्रवासी बसला नव्हता. अध्यक्ष अ‍ॅटर्नी ताबुहारा यांच्या चुलतभावानं जागा फुकट दिली, म्हणून तो तिथं उभा राहिला. जीपन्या, म्हणजे भाड्याच्या प्रवासी गाड्या, मात्र थांबत साठ पावलं पुढं, शिरीषाच्या झाडाखाली. तिथं सावली होती, लोर्नाच्या टपरीवर साखरेत तळलेली केळी होती, आणि कुणाची सून कुणाशी बोलत नाही याची ताजी खबर होती. छप्पर तोकडं होतं, त्यामुळे निवाऱ्याचा बाक उन्हानं इतका तापायचा की एक बाई त्यावर मासळी वाळवायची. ती मात्र नेमानं यायची.

पुरिंगनं पान उलटलं. "व्हायचे उपक्रम. येत्या शनिवारी आपल्या गव्हर्नर येताहेत. डॉक्टोरा एस्कोलास्तिका. चाळीस क्लब आहेत त्यांच्या हाताखाली. दहा वाजता निवाऱ्याची पाहणी, मग सदस्यांच्या भेटी, मग जेवण. लेचोन सांगितलंय, आख्खं भाजलेलं डुक्कर."

"निवाराच आधी बघायचाय त्यांना," अ‍ॅटर्नी म्हणाले. "आपल्या अहवालात आहे ना, रोज दोनशे प्रवासी लाभ घेतात."

"ते मी नाही लिहिलं. तुम्ही सांगितलंत, मी टाइप केलं."

"तेच ते, मानांग."

"मग आता दोनशे माणसं आणायची कुठून?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"दोनशे कशाला? पंधरा-सोळा दिसले की झालं. बाकीचे आधीच्या गाडीनं गेले." अ‍ॅटर्नींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "आपणच बसायचं. डॉक्टोरांनी आपल्यापैकी कुणाला पाहिलेलं नाही. मी आणि मानांग स्वागताला, बाकी सगळे प्रवासी. आणि क्लबाचं जॅकेट घालून कुणी यायचं नाही, ते नंतर भेटीच्या वेळी. कपडे बदलले की कोण ओळखतंय?"

उपाध्यक्ष इंजिनियर वेन्सेस्लाओच्या मुलीची पुरिंग धर्ममाता होती, त्यामुळे ती त्याची कुमारे आणि तो तिचा कुमपारे. तो तिच्या कानाशी लागला. "कुमारे, मी कोंबडा आणतो. कोंबड्याशिवाय प्रवासी खरा वाटत नाही."

पुरिंगला हसू आलं नाही. एकतीस वर्षांत तिनं एका पाकिटावरही चुकीच्या तारखेचा शिक्का मारला नव्हता, आणि त्या दोनशेच्या आकड्याखाली तिची सही होती.

शनिवारी साडेनऊलाच सगळे हजर. मे महिन्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. डॉक्टरांनी गवताची टोपी घातली होती आणि खांद्यावर पोतं घेतलं होतं. बँकेच्या मॅनेजरच्या बायकोनं, मॅक्सिमानं, भाजीची टोपली आणली होती, पण केस आदल्या दिवशी पार्लरमध्ये बसवून घेतले होते. वेन्सेस्लाओ काखेत कोंबडा आणि अंगात क्लबाचं जॅकेट घालून आला.

"अरे कुमपारे, जॅकेट!"

"सवय गं." त्यानं ते तिथंच काढून उलटं करून घातलं. आतलं अस्तर भडक पिवळं निघालं. आता तो लांबूनही दिसायला लागला.

दहा वाजले, साडेदहा वाजले. डॉक्टोरांचा पत्ता नाही. पण निवाऱ्यात पहिल्यांदाच माणसं दिसल्यावर जीपन्या थांबायला लागल्या. पहिली आली ती ओस्टिंगची, ज्याला सगळे मानोंग, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत.

"चढा, चढा! जागा आहे."

"नको," डॉक्टर म्हणाले. "आम्ही थांबलोय."

"कशासाठी?"

"जीपनीसाठी."

ओस्टिंगनं आपल्या गाडीकडे एकदा बघून घेतलं. "मग ही काय आहे?"

"दुसरी येईल ना."

"दुसरी म्हणजे? माझ्या गाडीत काय काटे आहेत?"

"तसं नाही हो, मानोंग. आम्हाला घाई नाही."

"घाई नाही, तर एवढ्या उन्हात पोतं खांद्यावर घेऊन काय उभे राहिलात?" ओस्टिंग बडबडत निघून गेला. मग दुसरी गाडी आली, तिसरी आली. चौथा ड्रायव्हर न थांबता, फक्त मान बाहेर काढून ओरडला, "आमच्यावर बहिष्कार घातलाय म्हणे?" झाडाखालचे खरे प्रवासी केळी खात ही मजा बघत होते. पुरिंगनं फाइल तोंडापुढं धरली, उन्हासाठी कमी आणि लाजेनं जास्त.

अकरा चाळीसला डॉक्टोरा एस्कोलास्तिका आल्या. ठेंगणी, साठीची बाई, पायात पळायचे बूट. गाडीतून उतरल्या आणि निवाऱ्याकडे बघून त्यांचा चेहराच फुलला.

"अ‍ॅटर्नी, हे खरंच भरलेलं आहे हो! मी कितीतरी निवारे बघितले, सगळे रिकामे." त्या सरळ डॉक्टरांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "कुठं निघालात, मानोंग?"

डॉक्टरांच्या तोंडाला जे आलं ते त्यांनी सांगितलं. "सान इसिद्रोला."

"आणि तुम्ही?"

"मीपण सान इसिद्रोलाच," मॅक्सिमा म्हणाली.

"सगळेच?"

"आज जत्रा आहे ना तिथं," वेन्सेस्लाओनं ठोकून दिलं. नशीब, ती खरोखरच होती.

तेवढ्यात ओस्टिंगची जीपनी दुसऱ्या फेरीला आली. त्यानं गर्दी बघून तोंड फिरवलं, पण डॉक्टोरा रस्त्यात उतरल्या आणि हात आडवा घालून त्यांनी गाडी थांबवली.

"बसा, बसा! माझ्यापायी तुमचा खोळंबा नको. जत्रा संपायची."

"नको, आम्ही मागून…"

"मागून कशाला? रिकामी आहे की. द्या ते पोतं इकडं." त्यांनी पोतं एका हातानं उचलून आत टाकलं. "अगदीच हलकं आहे."

"पोतीच आहेत आत," डॉक्टर कसनुसे म्हणाले.

सदस्यांनी अ‍ॅटर्नींकडे पाहिलं. अ‍ॅटर्नी आभाळाकडे बघत होते. एकेक करून सोळाच्या सोळा जण वाकून आत शिरले. शेवटी वेन्सेस्लाओ दाराच्या दांडीला लोंबकळला, आणि कोंबड्यानं मोठ्यांदा बांग दिली. "आता तरी येणार ना नक्की?" ओस्टिंगनं आरशात बघून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गाडी सोडली.

धूळ खाली बसली. डॉक्टोरा बाकावर टेकल्या आणि टेकल्या तशा उठल्या.

"बरंच तापतं की हो. चला, आता सदस्यांना भेटू. कुठं आहेत सगळे?"

एका आंब्याच्या झाडाच्या हद्दीवरून कोर्टात तीन-तीन तास बोलणारे अ‍ॅटर्नी. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "ते… सेवेवर आहेत."

"कुठं?"

"निरनिराळ्या ठिकाणी."

पुरिंगला वाटलं, आता आणखी एक खोटं आपल्या वहीत यायचं. तिनं फाइल मिटली.

"डॉक्टोरा, सदस्य आत्ताच गेले. तुम्हीच बसवून दिलंत."

डॉक्टोरांनी जीपनी गेली त्या रस्त्याकडे वळून बघितलं.

"कोंबडेवाला?"

"आमचे उपाध्यक्ष."

"आणि पोतं?"

"दातांचे डॉक्टर. आणि रोजचे दोनशे म्हणून जे लिहिलंय ना, त्याखाली सही माझी आहे. दोनशे काय, दोनही नाहीत. एक बाई मासळी वाळवायला येते, ती धरली तर एक." बोलता बोलता तिचा आवाज नेहमीचा राहिला नाही. "मला काढून टाका हवं तर."

डॉक्टोरा आधी खांबाला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत की काय म्हणून अ‍ॅटर्नी घाबरून पुढं झाले, तर बाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी काढून. "पोतीच आहेत आत, म्हणे!" एवढंच त्यांना पुनःपुन्हा बोलता येत होतं.

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मग लोक थांबतात तरी कुठं?"

पुरिंगनं झाडाकडे बोट केलं.

अ‍ॅटर्नी फोनवर होते. पलीकडून बातमी आली, की सान इसिद्रोत पोचल्या पोचल्या लोकांनी सदस्यांना हाताला धरून घरात नेलं होतं. जत्रेला आलेल्या पाहुण्याला जेवल्याशिवाय कोण सोडतो? ओस्टिंगही एका घरी पानावर बसला होता. चारच्या आत कुणी परत यायचं नाव नव्हतं.

"आणि इकडं तीस माणसांचं लेचोन!" अ‍ॅटर्नींनी कपाळाला हात लावला.

"कुरकुरीत कातडी मऊ पडेल हो," डॉक्टोरा म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच गंभीर झाल्या होत्या. "इकडंच मागवा. हे काय, माणसं आहेत की."

तासाभरात तीनचाकीवरून लेचोन आलं. लोर्नानं टपरीपुढं फळ्या जोडल्या, केळीची पानं अंथरली, मधोमध भाताची रास ओतली. वाट बघणारे अठरा प्रवासी, येणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, त्या गाड्यांतले प्रवासी, सगळे हात धुऊन पानाला लागले. दोनच्या गाड्या तीनला सुटल्या आणि कुणाची तक्रार नव्हती. खांद्याला खांदा लावून उभं राहून जेवताना पुरिंगच्या लक्षात आलं, की या साठ पावलांवर आपण चार महिन्यांत एकदाही आलो नाही.

"निवारा चांगला आहे हो," एक म्हातारी अ‍ॅटर्नींना समजावत होती. "पावसात आमच्या गाई उभ्या राहतात."

"मग तुम्हाला हवं तरी काय?" अ‍ॅटर्नी जरा चिडूनच म्हणाले.

म्हातारीनं लोर्नाकडे पाहिलं. लोर्ना हातातलं हाड खाली ठेवून म्हणाली, "संडास."

सगळे जेवायचे थांबले.

"बसायला झाडाची मुळं आहेत. पण बाजाराला जाणाऱ्या बायका पहाटेपासून पाणी पीत नाहीत, माहीत आहे? उसात जावं लागतं म्हणून. मागच्या महिन्यात माझी मावशी चक्कर येऊन पडली, ती उपाशी नव्हती, तहानलेली होती."

पुरिंगनं फाइल उघडली आणि 'व्हायचे उपक्रम' खाली तेलकट बोटांनी लिहून घेतलं.

"पण डॉक्टोरा," अ‍ॅटर्नी हळूच म्हणाले, "संडासावर क्लबाचं नाव…"

"नका लिहू. लोकांना दार सापडेल."

चारला सदस्य परतले तेव्हा पानांवर फक्त हाडं होती. पण त्यांची पोटं इतकी भरलेली होती, की त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की डॉक्टोरा प्रत्येकाशी हात मिळवताना विचारत होत्या, "कशी झाली जत्रा?"

ऑगस्टात संडास बांधून झाला. दोन खोल्या, पाण्याची टाकी, आत दिवा, किल्ली लोर्नाकडे. उद्घाटनाला अ‍ॅटर्नींनी चार पानांचं भाषण लिहून आणलं. दारावर लाल फीत बांधली होती, कात्री तबकात होती, आणि भाषण दुसऱ्या पानावर आलं होतं. एवढ्यात बाजाराची जीपनी आली. लोर्नाची मावशी उतरली, कुणाकडेही न बघता गर्दीतून वाट काढत आली, फितीखालून वाकली, आत गेली आणि कडी लावली.

अ‍ॅटर्नी थबकले. अशा वेळी दारापुढं उभं राहून समाजसेवेवर बोलणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी उरलेली पानं घडी करून खिशात ठेवली आणि बाजूला होऊन खाली बघत उभे राहिले. बाकीचेही राहिले. पुरिंगनं घड्याळ पाहिलं, आणि उपक्रम सुरू झाल्याची वेळ वहीत टिपून ठेवली.