पाऊण तासाची चोरी

मी एक जुने टोल्यांचे घड्याळ आहे, मित्रांनो, आणि मी चोर आहे. हे सांगताना माझा लंबक अजून थरथरतो. चोरी मी माझ्याच घरात केली, सातवीतल्या एका मुलीच्या उशाशी, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

माझी कामाची वर्षे इचलकरंजीत, मागाच्या एका कारखान्यात गेली. पाळी सुटायची ती माझ्या टोल्यांवर. एका पहाटे मालकाच्या माणसाने स्टुलावर चढून माझा काटा गुपचूप दहा मिनिटे मागे ओढला. रात्रपाळीला गणपती नावाचा तरुण कामगार होता. कुरुंदवाडची पहिली एसटी रोज माझ्या सात टोल्यांनंतर जायची, त्या दिवशी ती आधीच हॉर्न वाजवत गेली. गणपतीने माझ्याकडे पाहिले आणि खटकन माग बंद केला. "ही धा मिन्टं आमच्या झोपंची हायत! कुणाच्या बापाची न्हाईत!" एकामागून एक सगळे माग थांबले. मालकाला हात जोडावे लागले. पण काटा उलटा ओढल्याने माझे टोले बिघडले आणि मी अडगळीत पडलो. गणपतीनेच मला मागून घेतले, दुरुस्त केले आणि एसटीत मांडीवर बसवून कोल्हापूरला आणले.

आता त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मुलगा प्रसेनजीत, सून अस्मिता आणि नात संघप्रिया असे घर आहे. मोठ्यांच्या खिशात मोबाइल आहेत, अण्णांच्याही. माझ्याकडे मान वर करून पाहणारी एकटी संघप्रिया. माझ्या पाच टोल्यांवर ती उठायची.

जूनमध्ये एकदा तिची शाळेची व्हॅन चुकली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला दहा मिनिटे पुढे केले. आपल्याकडे कुठल्या घरचे घड्याळ थोडे पुढे नसते? मलाही त्यात वावगे वाटले नाही. मग चाचणीत तिचे गुण कमी झाले, तेव्हा अस्मिताने मला वीस मिनिटे सरकवले. पुढे डायरीत बाईंचा शेरा आला, 'वर्गात पेंगते.' प्रसेनजीत म्हणाला, "आळशी झालीया ही!" आणि रविवारी मला चावी देताना त्याने आणखी पंधरा मिनिटे ढकलली. पोरीला कळू नये म्हणून कुणी कुणाला काही बोलले नाही.

क्लास, गृहपाठ, मग बाबा आल्यावर जेवण. अस्मिताच्या मोबाइलवर साडेदहा झाले की "झोप आता" म्हणून हाक यायची. माझ्यात तेव्हा सव्वाअकरा दिसत. संघप्रिया बिचारी आपल्यालाच उशीर झाला म्हणून ओशाळायची. झोपायची खऱ्या वेळेला आणि उठायची माझ्या खोट्या वेळेला. म्हणजे सव्वाचारला, मित्रांनो! आवरून ती गल्लीत उभ्या असलेल्या व्हॅनपाशी जाऊन बसायची. चालक आकाराममामा रोज उशीर करतात, अशी तिची तक्रार होती. घरचे मात्र खूश. "आता कशी येळंच्या आधी तयार असती!" त्या कौतुकात माझाही वाटा आहे असे समजून मी फुगून टोले द्यायचो.

गेल्या सोमवारी डिझेल भरायचे म्हणून आकाराम लवकर आला. अजून अंधारच होता. त्याने गाडी सुरू केली आणि मागे घेतली. काहीतरी चुरडल्याचा आवाज आला. तो खाली उतरला आणि त्याची बोंब साऱ्या गल्लीने ऐकली.

"अण्णाऽ! पळा! पोरगी चाकाखाली गेलती की!"

उघड्या दारातून मी सगळे पाहत होतो. संघप्रिया मागच्या चाकाशी दप्तरावर डोके ठेवून गाढ झोपली होती. चाकाखाली तिचा जेवणाचा डबा सपाट झाला होता. तिचा पाय तिथून फक्त वीतभर लांब होता. इंजिनाच्या आवाजाने तिला जाग आली नव्हती. आकारामने उचलून आत आणले तरी डोळे न उघडता ती एवढेच म्हणाली, "पाच वाजलं का?"

अण्णा माझ्याकडे बोट दाखवून आकारामवर ओरडले, "साडेसा वाजलं तरी तू बघत न्हाईस व्हय रं मागं?"

"कुठलं साडेसा? पावणेसा हायत! मोबाइल बघा की!"

अण्णांनी मोबाइल पाहिला. मग त्यांनी मला पाहिले. त्या नजरेने माझी चावीची कमान तुटून पडेल असे मला वाटले.

"मी धाच मिन्टं केलती," अण्णा पुटपुटले.

"मी वीस," अस्मिता म्हणाली.

प्रसेनजीत माझ्या चावीकडे बघत म्हणाला, "पंधरा."

मग अण्णाच बोलले, "मालकानं धा मिन्टं चोरली तर आम्ही अख्खा कारखाना बंद पाडला. हिची आम्ही रोज पाऊण तास झोप चोरली, वर हिलाच आळशी म्हटलं. हिनं काय बंद पाडायचं?"

ते स्टुलावर चढले. टोल्यांच्या घड्याळाचा काटा उलटा फिरवायचा नसतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? त्यांनी माझा लंबक हाताने धरला आणि मला थांबवले. पाऊण तासाने पुन्हा चालवायचे ठरले होते. पण पाऊण तास गेला, शाळा बुडाली, तरी अण्णांनी मला हात लावला नाही. साडेदहाला संघप्रिया आपोआप उठली आणि "भूक लागली" म्हणाली, तेव्हा कुठे अण्णांनी मोबाइल बघून काटे पुढे सरकवले आणि लंबक सोडला.

मित्रांनो, वर्गात तुम्ही पेंगत असाल तर स्वतःला आळशी म्हणू नका. आधी घरातले घड्याळ तपासा, आणि मग घरातली माणसे. आम्हा घड्याळांना तुम्ही चावी द्या, तेल द्या, पण आमच्याकडून खोटे बोलवून घेऊ नका.

आमच्या घरी आता बाबा आले नसले तरी संघप्रियाचे जेवण आठला होते. नऊला मी टोले देतो, अगदी बरोबर नऊ. शेवटचा टोला पडला की अण्णा टीव्ही बंद करतात आणि पूर्वी कारखान्यात ओरडायचे तसे खणखणीत ओरडतात, "पाळी सुटलीऽ!"