बाकावरचा सहावा

कॅन्ससमधल्या त्या गावात गव्हाची कापणी सुरू झाली की लिओटाला घड्याळाकडे बघवत नसे. धान्याच्या कोठाराच्या वजनकाट्याशी सकाळी बसली की दिवे लागले तरी ती तिथेच. शहरातल्या कामगारांना जादा तासांचे दीडपट पैसे मिळत. खेड्यातल्या छोट्या कोठारात मात्र पाचांपर्यंतच माणसं असली तर ते द्यावे लागत नसत. कायदाच तसा होता. म्हणून कोठाराचा मालक व्हर्लिन शेलेनबर्ग याच्याकडे माणसं कायम पाच. एरवी माणूस दिलदार, पण सहाव्याचं नाव काढलं की तो बोटांवर हिशेब मांडू लागे.

त्या वर्षी त्याला ट्रक रिकामे करायला दणकट गडी हवा होता. त्याने तो घेतला आणि पाचांतल्या म्हाताऱ्या एमिलला केक कापून, नवी टोपी देऊन घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी एमिल तीच टोपी घालून हजर. ऑफिसात चर्चमधून आणलेला जुना बाक होता, त्यावर बसून राहिला. शेतकरी येत आणि सवयीने मूठभर गहू त्याच्या हातावर ठेवत. तो चावून चावून गव्हाचा चिकट गोळा करी आणि मग सांगे, कापणी करा किंवा दोन दिवस थांबा. ओल मोजायचं यंत्र होतं की, पण एमिलच्या दाढेखालून गेल्याशिवाय गव्हावर कुणाचा विश्वास बसत नसे. लिओटाला काट्यावरचं काम त्यानेच शिकवलेलं. बायको गेल्यापासून त्याला माणसात बसायला हा एवढा बाकच उरला होता, हे ती जाणून होती.

व्हर्लिनने त्याला बजावलं, बसा, पण बोलू नका. बोललात की ते काम धरलं जाईल. एमिल गप्प झाला. मग शेतकरी त्याचा जबडा पाहू लागले. भराभर हलला तर गहू वाळलेला, रेंगाळला तर ओला. हिशेबनिसाने व्हर्लिनला भीती घातली, हा सहावा ठरला तर सगळ्यांना दीडपट. संध्याकाळी एमिलला आवारात यायचीच बंदी झाली.

सकाळी लिओटाने पाहिलं, तो रस्त्यापलीकडे खिशात हात घालून उभा होता, शाळेतून हाकललेल्या पोरासारखा. तिने मालकाला विचारलं, "हा बाक चर्चचाच ना?"

"हो. का?"

"परत करते."

दोघा गड्यांना हाताशी धरून तिने बाक उचलला आणि समोर चर्चच्या एल्म झाडाखाली नेऊन ठेवला. एमिल बसला आणि सावकाश चावू लागला. पहिला ट्रक तिथेच थांबला, त्याच्यामागे दुसरा. दुपारपर्यंत रांग रेल्वेच्या फाटकाला भिडली आणि कोठारातला वजनकाटा मोकळाच. लिओटा खिडकीत मोजा विणत बसली.

व्हर्लिन तरातरा रस्ता ओलांडून आला. "काका, हे काय चाललंय?"

"बसलोय. देवाच्या जागेत."

रांगेच्या तोंडाशी असलेल्या ट्रकातून शेतकरी डेलमार म्हणाला, "व्हर्लिन, त्यांना नीट चावू दे. नाहीतर मी आपला शेजारच्या गावी गहू घालतो. तिथे रांग नाही."

व्हर्लिनने पश्चिमेला चढत असलेला काळा ढग पाहिला. खिडकीतला मोजा पाहिला. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"चला आत. पगारावर."

"अरे, पण मग सगळ्यांना दीडपट पडेल तुला."

"ठाऊक आहे. पुन्हा बोलून दाखवू नका, खिसा आधीच दुखतोय."

बाक परत आला, रांग सरकली, आणि पाऊस यायच्या आत डेलमारचा गहू कोठारात पडला. त्या आठवड्यात कुणी घड्याळाकडे बघून सुस्कारा टाकला नाही. दणकट गडी तर शीळ घालत फावडं मारी.

शनिवारी ऊन कलताच एमिलने टोपी घातली. बाहेर अजून ट्रक उभे होते.

"निघालात कुठे?" व्हर्लिन म्हणाला.

"घरी. दाढा दमल्या. या वयात जादा तास मला नाही झेपत बाबा. ते हे पाच जण करतील, आता त्यांना पैसे मिळतात."

लिओटाला असं हसू फुटलं की काट्यावरचा आकडा वाचायचाच राहिला. डेलमारला ट्रक पुन्हा मागे काट्यावर घ्यावा लागला.