धाकटीचं अंगुस्तान

आमच्या टेलरिंगच्या दुकानात कात्र्या पुष्कळ, पण कापड बेतायची मोठी कात्री एकच, सासूबाईंची. ती जिच्या हातात, तिचं दुकान. बाकीच्यांनी मान खाली घालून मशीन मारायची. सासूबाईंचा हात हल्ली थरथरतो. "सहलीहून आलो की कात्री कोणाला द्यायची ते सांगते," असं त्यांनी जाहीर केलं.

मी थोरली. हक्क माझा. पण धाकटी जाऊ घरात आल्यापासून उठता बसता तिचंच कौतुक. "धाकटीनं बेतलेला खांदा बघा." "धाकटी कापायला बसली की चिंधी उरत नाही." मग मी काय इतकी वर्षं झोपा काढत होते? वर सासूबाईंनी आपलं पितळी अंगुस्तानही तिलाच दिलं. सुई टोचू नये म्हणून शिवताना बोटात घालायची वस्तू ती, पण ही बया जेवतानाही काढत नाही. समुद्रावरच्या सहलीलाही ते मिरवत आली.

तिथली गुहा बघायला होडीनंच जावं लागतं. कडे सरळ पाण्यात उतरलेले, पायवाट नाही. लाटा बघून आमच्या दोघींचे नवरे धक्क्यावरच चहाला बसले. शूर माणसं! सासूबाई मात्र हट्टानं निघाल्या आणि होडीत पाय ठेवताच त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. शेजारी अर्थातच धाकटी.

गुहा जवळ आली तसं धाकटीला फोनवर चित्रण करायचं सुचलं. "ताई, हे जरा सांभाळा ना, पाण्यात पडेल," असं माझ्या कानाशी म्हणत तिनं अंगुस्तान माझ्या हातावर ठेवलं आणि पुढे नावाड्याजवळ जाऊन बसली. तिची जागा मी लगेच पटकावली. मग कोणी बघत नाही असं पाहून अंगुस्तान बोटात चढवलं. घट्ट बसलं. बसणारच, तिचं बोट काडीसारखं.

गुहेचं तोंड अगदी ठेंगणं. "आडवे व्हा! डोकी खाली!" नावाडी ओरडला. आम्ही होडीच्या तळाशी आडव्या झालो. सासूबाईंनी चाचपत माझा हात धरला. त्यांचा अंगठा माझ्या बोटांवरून फिरला आणि अंगुस्तानावर येऊन थांबला.

आत पाणी खालून दिवा लावल्यासारखं निळं होतं. छतावर निळा उजेड हलत होता. "उठून बसा आता. आजी, डोळे उघडा, बघा तरी!" नावाडी म्हणाला. सासूबाई डोळे उघडायला तयार नव्हत्या. त्यांनी मला जवळ ओढलं.

"रागावू नकोस गं," त्या पुटपुटल्या. "कात्री मी थोरलीला देणार आहे. हात तुझाच चांगला, मला का कळत नाही? पण तुला नाही दिली तर चार दिवस हिरमुसशील आणि पुन्हा कामाला लागशील. तिला नाही दिली तर ती घरात कोणाला सुखानं जगू द्यायची नाही. तू समजून घे."

मी नुसता त्यांचा हात दाबला, धाकटीनं दाबला असता तसा. त्यानंतर त्या गुहेत काय काय होतं, मला विचारू नका.

बाहेर आलो. ऊन तोंडावर आलं तसे सासूबाईंनी डोळे उघडले. आधी माझं बोट पाहिलं, मग माझं तोंड. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

धाकटी मागे वळली. "ताई, अंगुस्तान?"

मी ओढलं, पिरगळलं, थुंकी लावली. निघेना. बोट लालबुंद झालं.

"अहो, राहू द्या! कातडं सोलून घ्याल," ती हसून म्हणाली. "तुम्हीच ठेवा, ताई. खरंच."

त्या बोलण्यात कुठे खोट सापडते का, मी खूप शोधलं. सापडली नाही. सासूबाई समुद्राकडे बघत होत्या. कात्री आता माझी होती, आणि मी अजूनही धाकटीवरच जळत होते.