दुखतं म्हणजे दुखतं

अंगठ्याची पट्टी रात्री धुऊन वाळत घातली होती, ती अजून जराशी ओलसरच... तरी तिनं ती चढवली, मनगटाभोवती दोन वेढे दिले, आणि अंगठा जागेवर बसल्यावर दाभण उचललं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकांची बांधणी करता करता बावीस वर्षं झाली; त्यातली पहिली कितीतरी दुखणं लपवण्यातच गेली. खांदा निखळायचा, बोटं उलटी वळायची, आणि तपासण्यांत मात्र सगळं आलबेल. "मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर म्हणायचे. आई तर लहानपणापासून म्हणत आली होती — काही नाही होत, वाढतं वय आहे.

मग दवाखान्यात सांध्यांचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई भेटल्या. त्यांनी तिचा अंगठा हलकेच वाकवला, तो थेट मनगटाला टेकला. "अहो, सांधे धरून ठेवणारं सूतच जन्मापासून सैल आहे तुमचं. दुखणारच की." दुखणं कायमचं आहे हे कळूनही ती तिथंच रडली होती, सुटल्यासारखी. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं विसावा; बरं वाटतंय म्हणून एका दिवसात डोंगर उपसायचा नाही — हे सगळं बाईंनीच शिकवलं. आणि शेजारच्या टेबलावरचे अण्णा, कधी एका शब्दानं न विचारता, दाबयंत्राचा जड दांडा तिच्यासाठी फिरवून द्यायचे.

आजही त्यांनी तो फिरवला. ती पाच मिनिटं टेकली, आणि सकाळ आठवली... लेक बूट घालताना म्हणाली होती, "आई, गुडघे दुखतायत गं." आणि आपण, डबा भरता भरता — काही नाही होत, वाढतं वय आहे. शब्द तेच. आवाजसुद्धा आईचाच.

"अण्णा, आज जरा लवकर निघू?"

"निघ की. उरलेली शिवण मी बघतो."

घरी आली तेव्हा लेक जमिनीवर पाय पसरून बसली होती. तीही शेजारी बसली. "सकाळी मी नीट ऐकलंच नाही. सांग बरं, कुठे दुखतं?"

लेकीनं संशयानं पाहिलं. "खरंच सांगू?"

"खरंच."

मग ती सांगत सुटली — जिना उतरताना, खेळून आल्यावर, उजवा जास्त... बोलता बोलता तिची बोटं सहज मागे वळली, फार मागे. तिनं ती बोटं हलकेच आपल्या हातात धरली. आपलंच सैल सूत हिच्यातही असेल, कदाचित नसेलही. बाईंना उद्या विचारायला हवं. भीती होतीच, पण भीतीच्या तळाशी कुणाचे तरी उपकार आठवावेत तशी ऊब पसरत होती — ही पोर खोटी ठरणार नाही, निदान या घरात तरी नाही...

"आणि डावासुद्धा," लेक म्हणत होती, "पण थोडाच."