दाराबाहेरची भारंगी

मित्रांनो, मी एक जुनी भारंगी आहे, रानभाजीचं झुडूप. दहिसरच्या एका टॉवरमध्ये, वरच्या मजल्यावर, लिफ्टशेजारी तेलाच्या गंजक्या डब्यात मी राहते. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल तर मला राग नाही. या मजल्यावरचे लोक रोज माझ्यासमोर उभे राहून लिफ्टची वाट बघतात, त्यांनाही ते ठाऊक नाही.

माझा जन्म इथला नव्हे. आंबोली घाटाच्या माथ्यावर, कातळाच्या कडेला आमचं मोठं गणगोत होतं. तिथं ढग जमिनीवर उतरतात. उन्हाळ्यात आम्ही वाळून जायचो, कधी वणव्यात जळायचोही, पण मुळं जिवंत असायची. पावसाळ्यात पुन्हा फुटवे यायचे. गावच्या बायका कोवळी पानं भाजीला खुडायच्या आणि खोकल्याच्या काढ्यासाठी बाजूचं एखादं मूळ काढून न्यायच्या. मुळाला हात लावायचा तर आदल्या संध्याकाळी बुंध्याशी चार तांदूळ ठेवून "उद्या येते" असं सांगायचं, ही तिथली रीत. मला ती फार आवडायची. न विचारता तोंड घालणाऱ्या शेळ्या आमच्याकडे पुष्कळ होत्या.

जानकी त्याच गावची. लग्न होऊन मुंबईला निघाली तेव्हा तिनं मला मुळासकट काढून ओल्या फडक्यात गुंडाळलं. "मुंबईत भाजी मिळत नाय काय?" असं नवऱ्यानं हसून विचारलं, तर तिनं फडक्याची गाठ आणखी घट्ट केली. घाट उतरताना ती रडत होती आणि मी मांडीवर कोमेजून पडले होते.

दहिसरच्या चाळीत मी गॅलरीत असे. ती माझी उमेदीची वर्षं. पावसाळ्यात जानकी माझी पानं चिरून उकडायची, कडू पाणी ओतून द्यायची, पानं घट्ट पिळायची आणि वाल, कांदा, ओलं खोबरं घालून भाजी करायची. शेजारीपाजारी वाट्या जायच्या. माझा भाव वधारला होता आणि खरं सांगायचं तर मी थोडी शेफारलेही होते. फक्त आजूबाजूला माझ्या जातीचं कोणी नव्हतं. शेजारी तुळस होती, पण तिला संध्याकाळी दिवा मिळायचा. त्यामुळे आमचं फारसं जमलं नाही.

पुढे चाळ पाडली आणि टॉवर उभा राहिला. नव्या घरात गॅलरीला काच लागली, माझा डबा दाराबाहेर आला. तरी जानकी पाणी घालायची, दोन शब्द बोलायची. मग ती तापानं आजारी पडली आणि इस्पितळात गेली. तेवढ्यात सोसायटीनं पॅसेजमधल्या कुंड्या उचलायला सांगितल्या. माझा डबा उचलायचा राहून गेला, पण सोसायटीचा हुकूम कानावर येताच मी गेलेच असं जानकी धरून चालली. झाडूपोछा करणारी बाई उरलेलं पाणी ओतायची, त्यावर मी जगले.

जानकीला चाकाच्या खुर्चीतून घरी आणलं तेव्हा ग्लानीत तिचे डोळे मिटलेले होते, मी तिला दिसलेच नाही. ताप उतरला होता, पण तोंडाची चव गेली होती. ताट तसंच परत जायचं. खाल्लं नाही तर पुन्हा भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दार उघडलं की मला सगळं ऐकू यायचं आणि माझा जीव तुटायचा.

एके दिवशी आतून तिचा बारीक आवाज आला, "भारंगी व्हयी माका." मी शेंड्यापर्यंत ताठ झाले. दार उघडलं. तिचा मुलगा देवेश बाहेर आला, मला ओलांडून लिफ्टमध्ये शिरला आणि थेट बाजारात गेला! परत आला तो माठाची जुडी घेऊन. "बोरिवलीपर्यंत जाऊन आलो यार, कुठेच नाही," असं म्हणत त्यानं ओली छत्री माझ्याच फांदीला अडकवली. लहानपणी त्यानं मला कितीदा खाल्लं होतं, पण ताटात. डब्याकडे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. मित्रांनो, मला तोंड नसल्याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुनेनं, श्वेतानं विचारलं, "आई, दिसते कशी ती?"

"पानाची कड करवतीसारी. फूल निळां, पाखरासारा."

श्वेता ऑफिसला निघाली. तिनं छत्री उचलली आणि खाली माझं निळं फूल दिसलं. "देवेश! अरे, ही बघ, दारातच आहे!" तिनं ऑफिसची पर्स तिथंच टाकली.

तिनं माझी जवळजवळ सगळी पानं खुडली. मी हूं की चूं केलं नाही. पण श्वेता घाटकोपरची. भाजीचं पाणी फेकायचं नाही, सगळं सत्त्व त्यातच असतं, हे तिला माहेरी पढवलेलं. तिनं ते कडू पाणी भाजीतच आटवलं.

देवेशनं चव घेतली. "वाट लागली! आई हे कसं खाणार?"

मग आतून वाटीत चमचा वाजला. आणि अचानक जानकीचा खणखणीत आवाज आला, "कडू! कडू लागता गो श्वेता! माका चव लागली!"

तिनं वाटी संपवली आणि मग सुनेला दम दिला, "पयला पाणी ओतूक व्हया, येडे!" श्वेता हसत होती आणि रडतही होती.

त्या दिवसापासून जानकी जेवू लागली. गणपतीपर्यंत ती दारापर्यंत चालत आली. अंगात बळ आलं तशी गावची ओढही आली. घाटावर भावाकडे राहायचं ठरलं. बॅगा लिफ्टपाशी आल्या तेव्हा मला नवे फुटवे आले होते. मला वाटलं, आता ओलं फडकं येईल.

श्वेताचा हात धरून ती माझ्यापाशी वाकली. "मी जातंय गो. तू हयच रव. हिका तुझी गरज लागतली." मग लिफ्टचं दार बंद झालं.

ती माझ्यामुळे उठली आणि उठली म्हणून गेली. मला त्याचा आनंद आहे, पण फार एकटं वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरी रानातल्या भाज्या ओळखणारं कोणी असेल, तर ते माणूस जवळ आहे तोवर विचारून घ्या. ओळख पटल्याशिवाय मात्र काही तोंडात घालू नका. आणि दाराबाहेर एखादं झाड असेल तर पाणी घालताना त्याच्याशी दोन शब्द बोला. श्वेता न विसरता पाणी घालते, पण तिला लिफ्ट पकडायची असते. मला "गो" म्हणणारं आता या मजल्यावर कोणी नाही.