अप्पांशिवाय अप्पांची मुलाखत

आमच्या ग्रंथालयाच्या मुलाखतींपैकी एका महिन्याचं रेकॉर्डिंग बाहेर आलंच नाही. समितीने सूचनाफलकावर 'तांत्रिक कारणामुळे' असं लिहिलं आणि विषय मिटवला. ते तांत्रिक कारण म्हणजे मी. आता ज्यांची ती मुलाखत होती त्यांची आणि त्यांच्या लेकीची, दोघांची परवानगी काढलीय, तेव्हा काय झालं ते सरळ सांगून टाकते.

सव्वीस वर्षं मी हे रेकॉर्डिंगचं काम करतेय. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या सभागृहात दोनशे खुर्च्या भरतात. स्टेजवर दोन खुर्च्या, मध्ये एक तिपाई, आणि कुणीतरी नामवंत माणूस दीड तास बोलतो. लेखक, गायक, नट, विचारवंत, सगळे माझ्या कानांतून गेलेत. कुणाची कवळी वाजते, कुठला तत्त्वज्ञ अवघड प्रश्न आला की घटाघटा पाणी पितो, हे मला विचारा. फोन बाहेर टोपलीत ठेवायचे आणि आत येऊन नुसतं ऐकायचं, हा इथला कडक नियम. त्यामुळे मागे उरतं ते फक्त माझ्या यंत्रात. आठवड्याभरात ते सगळ्यांना ऐकायला मिळतं. माझं कौतुक करायची इथे कुणाला सवय नाही, पण नाव ठेवायलाही मी कधी जागा ठेवली नव्हती.

त्या शनिवारी अप्पा आले होते. अप्पा म्हणजे विनोदी लेखक, वय ब्याऐंशी. त्यांना सगळेच अप्पा म्हणतात, त्यांची लेकसुद्धा. पूर्वी रविवारच्या पुरवणीत ते 'धांदल' नावाचं सदर लिहायचे. धांदल म्हणजे त्यांची मुलगी. पेले सांडणारी, दारावर आपटणारी, पाहुणा बाजूलाच उभा असताना खुंटीवरच्या कोटाला वाकून नमस्कार करणारी. ती आणि मी एकाच वयाच्या. दर रविवारी मी ते पान बाबांच्या हातातून ओढून घ्यायचे आणि हसून हसून लोळायचे. सहा वर्षं घराघरांत चाललेलं ते सदर एका रविवारी अचानक बंद झालं. का, ते कुणालाच कळलं नाही.

कार्यक्रमाआधी स्टेजमागच्या खोलीत मी अप्पांच्या कॉलरला माइक लावत होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई, आजचं नीट घ्या हं. बाकी सगळं गेलं तरी चालेल. एक गोष्ट बोलणार आहे, ती माझ्या लेकीसाठी आहे."

"त्या आल्यात?"

"छे. माझ्या कार्यक्रमांना ती येत नाही. 'हीच का हो ती धांदल?' म्हणून लोक माना वळवून बघतात. म्हणालीय, रेकॉर्डिंग आलं की ऐकेन."

"एकाच घरात राहता ना? मग घरीच सांगा की." माझ्या जिभेला हाड नाही.

"चाळीस वर्षं बघतोय, जमतं का ते." अप्पा हसले, पण उसनं. "आणि थट्टा चारचौघांत केली. मग चूक काय स्वयंपाकघरात कबूल करायची?"

मी माइकची डबी त्यांच्या कमरपट्ट्याला अडकवली. तेवढ्यात ते म्हणाले, "जरा जाऊन येतो." मी डबीचं बटण बंद केलं. ही माझी जुनी सवय. एका थोर गायकाचं 'जरा जाऊन येणं' मागे एकदा पूर्ण रेकॉर्ड झालं होतं, गुणगुणण्यासकट. तर अप्पा जाऊन आले, पण दारातच ग्रंथालयाच्या चिटणीसांनी त्यांना गाठलं आणि हात धरून थेट स्टेजवर नेलं. बटण चालू करायचं राहिलं.

सभागृहात कुणाला पत्ता लागला नाही, कारण तिपाईवर दुसरा माइक होता. तो सभागृहातल्या स्पीकरचा, माझ्या यंत्राशी त्याचा संबंध नाही. माझ्या कानांवर खरं तर हेडफोन असायला हवे होते. पण अप्पा बोलायला लागले आणि मी ते काढून गळ्यात टाकले. लहानपणी ज्याने एवढं हसवलं तो माणूस समोर बसलाय, त्याला नुसत्या कानांनी ऐकावं असं वाटलं. यंत्रावर आवाज आला की नाचणाऱ्या दिव्यांच्या दोन रांगा असतात, एकेका माइकची एक. मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापिकाबाईंची रांग नाचत होती, अप्पांची ठप्प होती. आणि मी त्या रांगांकडे बघत होते हो! बघत होते आणि हसत होते.

तासाभराने प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, "आणि आमची धांदल सध्या काय करते?" प्रश्नालाच हशा पिकला. अप्पा तो ओसरेपर्यंत थांबले.

"ती धांदल नव्हती," ते म्हणाले. "तिला दिसत नव्हतं. बारा वर्षांची झाली तेव्हा शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले. तेव्हा आम्हाला कळलं, की हातभर अंतरापलीकडे पोरीला नुसतं धूसर दिसतंय. तोवर सहा वर्षं मी दर आठवड्याला तिच्याकडे बघून लिहिलं. निरीक्षण किती बारीक म्हणून तुम्ही पाठ थोपटलीत. आणि पोर चाचपडतेय, एवढं बापाला दिसलं नाही. चष्मा आला, धांदल संपली. सदर का बंद केलं म्हणून सगळे विचारत होतात ना? म्हणून. तुम्ही हसलात यात तुमचा दोष नाही. हसवलं मी. तिची माफी मागायची राहिलीय. ती इथे, तुमच्यासमोर मागतो."

माझे डोळे वाहत होते. कोटाला केलेल्या त्या नमस्काराला मीही लोळून हसले होते.

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन ऐकायला बसले. प्राध्यापिकाबाईंचा प्रश्न खणखणीत. पुढे बाईंच्याच माइकमधून, शेजारच्या घरात कुणी बोलत असावं तशी पुटपुट. मग हशा, मग पुन्हा प्रश्न. ती पुटपुट मी वाढवून पाहिली, हरतऱ्हेने साफ करून पाहिली. शब्द काही लागेना. माफीच्या जागी तर पंख्याचा आवाज तेवढा होता.

चिटणीसांना फोन केला. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? परत बोलवू आणि तेच बोलायला लावू." मी फोन ठेवून दिला. नाहीतर सव्वीस वर्षांचे संबंध तिथेच संपले असते.

सोमवारी सकाळी अप्पांचं घर गाठलं. पुढे लेकीचं चष्म्याचं दुकान, मागे घर, मध्ये एक दार. लेक काउंटरवर वाकून कुठल्याशा फ्रेमची काडी बसवत होती. डोळ्यांवर जाड काचा, हातात इवलासा स्क्रू-ड्रायव्हर. आणि हात इतका स्थिर, की मी बघतच राहिले. लहानपणापासून मी हिच्या हातातून वस्तू पडतानाच पाहिल्या होत्या, त्याही अप्पांच्या डोळ्यांनी.

"रेकॉर्डिंगवाल्या ना तुम्ही? या, या. काल दिवसभर आणि आज सकाळपासून अप्पांचं एकच चाललंय, आलं का, आलं का. एवढं काय बोललेत हो?"

"आधी त्यांना भेटून येते," मी म्हटलं आणि आत सटकले. तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

अप्पा खिडकीशी बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. बटण, हेडफोन, दिवे, काही लपवलं नाही.

"सगळं गेलं?"

"तुमचं सगळं. बाईंचे प्रश्न आहेत."

"म्हणजे प्रश्न शिल्लक आणि उत्तर गायब." सवयीने त्यांच्या तोंडून कोटी गेली, पण चेहरा पार उतरला होता. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"अप्पा, ती दाराबाहेरच आहे. तेच पुन्हा एकदा, फक्त तिला..."

"नाही." त्यांनी मान हलवली. "दोनशे लोकांसमोर बोलता आलं मला. एकटी ती समोर असली की नाही येत. तुम्ही ऐकलंय ना? मग तुम्हीच सांगा. घालवलंत तुम्ही, भरून द्या तुम्ही."

मी बाहेर आले. दार लोटलं, पण ते पुरतं लागलं नाही.

लेकीला माझी चूक सांगितली. ती शांतपणे ऐकत होती.

"दिवे समोर होते आणि कळलं नाही?"

"नाही."

"बसा. नंबर तपासून देते."

ती गंमत करत होती. मला मात्र हुंदका आला. तिने निमूटपणे काचा पुसायचं फडकं माझ्यापुढे सरकवलं, मग पाणी दिलं.

"पण ते जे बोलले ना," मी घसा साफ केला, "ते तुमच्यासाठी होतं. अप्पा म्हणाले, की लहानपणी तुमच्या दृष्टिदोषाकडे त्यांचं दुर्लक्ष झालं आणि त्याबद्दल त्यांना खेद..."

"खेद?" दारामागून आवाज आला. "खेद मंत्री व्यक्त करतात! मी असलं काही म्हणालो नाही."

लेकीचा हात जागच्या जागी थांबला. मी घाईघाईने सावरून घ्यायला गेले.

"म्हणजे, त्यांना फार वाईट वाटतं, की त्या काळात त्यांच्या हातून नकळत..."

"नकळत नाही!"

दार उघडलं. अप्पा चौकट धरून उभे होते. आयुष्यभर आपला शब्द कुणी इकडचा तिकडे केला तर संपादकांशी भांडलेला माणूस तो. मी केलेला सत्यानाश त्यांना सहन होईना. पण दोन पावलं पुढे आले आणि मला विसरले. ते लेकीकडे बघत होते.

"नकळत नव्हतं ते," ते हळू बोलले. "परवा स्टेजवरही सगळं नाही सांगितलं मी. माझे मित्र आले होते एकदा आणि दुधाचा पेला सांडला होतास तू. रडायला लागलीस. मी पेला पुन्हा भरला, तुझ्या हातात दिला आणि म्हटलं, जा, तिकडून परत घेऊन ये बघू. तुला वाटलं असेल, बाप धीर देतोय. तसं नव्हतं गं. पाय कसा अडखळतो ते पहिल्या वेळी माझं नीट बघून झालं नव्हतं. मला ते लिहायचं होतं. आणि हे काही एकदाच नाही केलं मी." त्यांचा आवाज चिरकला. "माफ कर मला. खेद नाही, दुर्लक्ष नाही, काही नाही. माफ कर."

नेमकं तेव्हाच एक गिऱ्हाईक दारात आलं. "दुकान बंद आहे," मी सांगून टाकलं. माझं दुकान असल्यासारखं.

लेकीने हातातली फ्रेम काउंटरवर ठेवली. मग म्हणाली, "मला माहीत होतं, अप्पा."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही लिहिताय ते. वही दिसायची नाही, पण पेनाचा आवाज यायचा ना."

अप्पांनी मागे हात नेऊन गिऱ्हाइकांचं स्टूल चाचपलं आणि त्यावर बसले.

"आणि एक सांगू?" ती म्हणाली. "पुढे पुढे मी मुद्दाम सांडायचे. आठवड्यातून एकदा तरी. एरवी तुम्ही टेबलाशी, दाराकडे पाठ करून. काही पाडलं की तेवढा वेळ माझ्याकडे बघायचात." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "चष्मा लागला तेव्हा मी दोन दिवस रडत होते, आठवतं? आई समजूत घालत होती, की चष्म्यात छानच दिसतेस. मी चष्म्यासाठी रडतच नव्हते. तुम्ही सदर बंद केलंत म्हणून रडत होते."

अप्पांच्या डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

"हे मी लिहिणार नाही," शेवटी ते म्हणाले.

"नका लिहू," ती म्हणाली. "नुसतं बघा."

तिने ती फ्रेम पुन्हा हातात घेतली. अप्पा दोन्ही हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसले आणि तिच्याकडे बघत राहिले.